बिनपाणथरीच्या बाई

"बोटं खाली! सगळ्यांनी आधी बोटं खाली करा, नाहीतर एकेकाचं मोडून त्याच्याच खिशात घालीन."

हा आवाज आमच्या मार्गासनीच्या अंगणात उठला तेव्हा गोठ्यातल्या म्हशीनं धार आखडली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडली. शेजारच्या कोंबड्या तर आठवडाभर अंडी घालायचं विसरल्या. आवाज बाईंचा होता. अंगणात खाटेवर माझे वडील, आण्णा, मान एका अंगाला वळवून आणि सदऱ्याचा गळा खाली ओढून बसले होते. त्यांच्यापुढं निम्मी आळी अर्धगोल करून उभी होती आणि प्रत्येकानं तर्जनी आण्णांच्या मानेवर रोखली होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्यानं कुणाची तरी शेळी चोरलीय आणि गाव ओळख पटवतंय.

तसं काही नव्हतं. उपचार चालला होता.

आण्णांच्या मानेला उजव्या बाजूनं गाठ आली होती. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. आमच्याकडं पायाला काटा रुतून चिघळला की जांघेत गाठ येते, तिला अवधाण म्हणतात. ती ठणकते, चार दिवसांनी बसते, तिचं कुणाला काही वाटत नाही. ही मात्र ठणकत नव्हती आणि बसतही नव्हती. ठणकत नाही म्हटल्यावर सगळ्या आळीनं सुटकेचा श्वास सोडला. दुखत न्हाई ना, मग काय न्हाई. आण्णांचं मतही तेच. शिवाय त्यांच्यासोबतच्या एका ड्रायव्हरला अशीच गाठ आली होती, दवाखान्यात तिला सुई टोचली आणि पुढच्या पावसाळ्याला तो गेला. तेव्हापासून आण्णांचा सिद्धांत पक्का होता, की गाठ झोपलेली असते, सुई लागली की चवताळते. सगळा जन्म एसटी चालवलेला माणूस. वेल्ह्याच्या वाटेवरच्या एकेका वळणाला नावानिशी शिवी दिलेला. त्याला कोण समजावणार?

मग नानाकाकांना युक्ती सुचली. नानाकाका म्हणजे आण्णांचे चुलतभाऊ. त्यांच्या डोक्यातून आयुष्यात एकच स्वतंत्र विचार निघाला, तो हा. आपल्यात वेलावरच्या कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवत नाहीत. दाखवलं तर कुजून गळतो. दाखवायचंच झालं तर बोट वाकवून दाखवायचं. नानाकाका म्हणाले, मग गाठीला सरळ बोट दाखवलं तर? झालं. रोज सकाळी आंघोळ करून लोक यायचे, बोट रोखायचे आणि शेताला जायचे. ज्या म्हातारीच्या बोटानं म्हणे एकदा दोडक्याचा अख्खा मांडव झडला होता, तिला पुढची जागा. लहान पोरांची बोटं कच्ची म्हणून मागं. एक पाहुणा तर मुद्दाम मुक्कामाला आला, दोन्ही हातांची बोटं दाखवून गेला.

ही हकिकत मी बाईंना हसत हसत सांगितली. माझं वरव्याला हायवेच्या कडेला हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे मिसळ, चहा, आणि बोलायला मी. बाई भोरला राहायच्या आणि आमच्या भागातल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला स्कूटीवरून यायच्या, तेव्हा वाटेत चहाला थांबत. मला अकरावी-बारावी त्यांनीच शिकवलं. ते अंगाला लागलं नाही, हा दोष मिसळीचा. मी बोटांची गोष्ट रंगवून सांगत होतो. बाईंनी मधेच विचारलं, "दुखते का?" मी म्हटलं, अजिबात नाही. बाईंनी कप खाली ठेवला. अर्धा भरलेला. मी हॉटेल घातल्यापासून बाईंनी अर्धा चहा टाकलेला पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, "दुखणारी गाठ बोलते रे. न बोलणारीची भीती धरावी." आणि स्कूटी वळवली. मी गल्ला पोऱ्यावर सोडून मागं पळालो, तरी त्या माझ्या आधी अंगणात पोचल्या होत्या.

आता बाई म्हणजे काय प्रकरण होतं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही.

बाई कुणाला नमस्कार करायच्या नाहीत. समोरचा हात जोडेपर्यंत त्यांची चार बोटं त्याच्या जबड्याखाली पोचलेली असत. आधी डावीकडं, मग उजवीकडं, मग कानामागं. सरपंच असो, कंडक्टर असो, कॉलेजचं इन्स्पेक्शन करायला आलेला साहेब असो. साहेबाच्या तर गाठी चाचपून त्यांनी विचारलं होतं, दाढ किडलीय का. साहेबानं शेरा चांगला लिहिला आणि तसाच दाताच्या डॉक्टरकडं गेला.

किकवीच्या एका लग्नात नवरामुलगा बोहल्यावर उभा. बाईंनी अक्षता टाकल्या आणि त्याच हातानं त्याचा गळा चाचपला. बरं, हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, टॉन्सिल सुजलेत, मुहूर्त होऊ द्या पण ह्याला आइस्क्रीम देऊ नका. मंडपात कुजबुज पसरली, की मुलाला काहीतरी आहे. मुलीचा मामा उठला. बँड थांबला. शेवटी नवऱ्यामुलाला स्वतःच्या लग्नाची मंगलाष्टकं स्वतःच खणखणीत म्हणून दाखवावी लागली, तेव्हा मुलगी मिळाली. बाई मात्र तोवर पंगतीत बसून शेजारणीला सांगत होत्या, की टॉन्सिल म्हणजे घशाच्या वेशीवरचे दोन राखणदार. आल्या-गेल्या जंतूशी पहिली झोंबाझोंबी त्यांची, म्हणून तेच आधी सुजतात. सुजणाऱ्याला लोक नावं ठेवतात, घुसणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आमच्या जत्रेला बाई एकदा जेवायला आल्या. बाजरीची भाकरी, मटणाचा रस्सा. बाईंच्या ताटात नळी आली. त्यांनी ती ताटावर ठोकली आणि सगळ्या पंगतीला दाखवून शिकवायला सुरुवात केली. हा मगज बघा. असाच तुमच्या हाडांच्या पोकळीत असतो. तुमच्या रक्तातला प्रत्येक शिपाई इथं जन्माला येतो, तांबडी पेशीसुद्धा इथंच. हा कारखाना बंद तर माणूस बंद. समोरच्या पाहुण्याला ते ऐकून नळी खाववेना, त्यानं ती बाजूला सारली. बाईंनी तीही उचलली.

त्यांच्या डब्यात कायम पावट्याची उसळ. वर्गात डबा उघडायचा, एक पावटा चिमटीत धरायचा आणि म्हणायचं, ही लसीका ग्रंथी. आकार असाच. बाहेर आवरण, आत कप्पे. फुगीर बाजूनं बारीक बारीक ओहोळ आत शिरतात, खोलगट बाजूनं गाळलेलं पाणी बाहेर. कप्प्याकप्प्यात पांढऱ्या पेशी टपून बसलेल्या. मानेत, काखेत, जांघेत, पोटात, अशा शेकड्यांनी. एवढं सांगून तो पावटा तोंडात. आमची अख्खी बॅच पावटा खात नाही. एक मुलगा सासुरवाडीला पहिल्यांदा गेला, पानात पावटा आला आणि तो पानावरून उठला. सासूनं अजून माफ केलेलं नाही.

थायमस नावाची ग्रंथी त्या शिकवायच्या तेव्हा मात्र मुलांच्या बाजूला तोंड करून उभ्या राहायच्या. छातीच्या हाडामागं, हृदयाच्या वरच्या अंगाला. मराठीत तिचं नाव यौवनलोपी ग्रंथी, म्हणजे तारुण्य सरलं की जी सरत जाते ती. ही तालीम, बाई म्हणायच्या. कारखान्यात जन्मलेले काही शिपाई इथं शिकायला येतात. इथं दोन परीक्षा. परका ओळखता येतो का? आणि आपल्या माणसावर हात उचलतो का? आपल्यावर हात उचलला की तिथंच खलास. पास होणारे अगदी थोडे. मग माझ्याकडं बघून म्हणायच्या, "सोमवारी व्हॉलीबॉलवरून चुलतभावाला मारलंस ना? तू थायमसमध्ये असतास तर मंगळवारी तेरावं घालायलासुद्धा कुणी नसतं."

आणि पाणथरी, म्हणजे पुस्तकातली प्लीहा. पाणथरी शिकवताना बाई डाव्या बरगडीखाली हात ठेवायच्या आणि अभिमानानं सांगायच्या, माझ्याकडं ही नाही. तरुणपणी घाटात गाडी उलटली, बाईंची पाणथरी फुटली आणि डॉक्टरांनी ती काढून घेतली. बाईंच्या हिशेबात मात्र ती उसनी गेलेली होती. त्या सांगायच्या, पाणथरी म्हणजे रक्ताचा डेपो. तांबड्या पेशी म्हणजे एसट्या. रोज गाड्या आत येतात, तपासल्या जातात, खटारा झालेली मोडीत निघते, तिचं लोखंड पुन्हा कारखान्याला. शिवाय डेपोत बंदोबस्त असतो, रक्तात शिरलेला जंतू तिथं धरला जातो. ज्याला डेपो नाही त्यानं तापाला हसू नये. आणि त्या हसत नव्हत्या. अंग जरासं कोमट लागलं की वाक्य अर्धं टाकून वर्गातून सरळ दवाखान्यात. बरं होऊन आल्या की फळ्यापुढं उभं राहून तेच वाक्य पुढं चालू. लसी तर एवढ्या घेतलेल्या, की आमच्या भागातली तान्ही पोरं त्यांच्याकडं आदरानं बघायची.

तर अशा बाई आमच्या अंगणात, आणि बोटं खाली.

नानाकाका एकटे मागं हटले नाहीत. म्हणाले, बाई, इलाज चाललाय, तुमी शिकलेल्या मान्सानं मदी पडू नये. बोट दाखवल्यावर भोपळा कुजतो का न्हाई?

"आणि तुम्ही बोट वाकवता ते कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"आपल्या वेलाचा भोपळा वाचावा म्हनून."

"मग ही गाठ कुणाच्या वेलाची?"

नानाकाकांनी आपलं बोट हळूच वाकवलं. तेवढ्यात बाईंची बोटं आण्णांच्या मानेवर गेली. एक गाठ नव्हती, एकीला एक चिकटलेल्या तीन होत्या. मग काख. मग दुसरी बाजू. बाई विचारत होत्या, संध्याकाळी ताप येतो का, घाम येतो का. आण्णा सगळ्याला न्हाई म्हणत होते. दाराआडून आई म्हणाली, "रोज सांच्याला कसकस असती. पट्टा दोन भोकं आत गेलाय. त्येनी सांगितलंय, कुनाला बोलू नको."

बाईंनी आण्णांच्या सदऱ्याचा गळा हळूच वर सारखा केला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्या ओरडत होत्या तोवर मला ती गंमतच वाटत होती.

त्या खाटेवर आण्णांच्या शेजारी बसल्या. स्कूटी घेण्याआधी कित्येक वर्षं त्यांच्याच गाडीनं प्रवास केलेला, त्यामुळं ओळख जुनी. म्हणाल्या, ड्रायव्हरसाहेब, रस्त्यात मधेच चेकिंगवाले गाडी थांबवायचे, आठवतं? फुकटे सापडायला लागले की चेकर वाढायचे, गर्दी वाढायची, रस्ता फुगायचा. ही गाठ म्हणजे तो चेकनाका. अंगातलं पाणी हिच्यातून गाळून जातं. ती फुगलीय म्हणजे आत कुणीतरी धरलं गेलंय आणि झटापट चाललीय. कोण धरलंय ते सुई घातल्याशिवाय कळणार नाही. आणि तुम्ही चेकनाकाच कुजवायला निघालात.

आण्णा म्हणाले, "चेकर कुजला तर वाईट काय, बाई? नोकरीभर हेच मागितलं देवाला."

सगळं अंगण हसलं. बाई हसल्या नाहीत.

"चेकर नसला की गाडी फुकट्यांची होते, ड्रायव्हरसाहेब. मग ती कुठं न्यायची, ते ठरवतात."

आण्णांचं तोंड उतरलं. या माणसानं पगार, रजा, बायको, सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं, पण त्यांची गाडी कुठं न्यायची हे दुसऱ्यानं ठरवलेलं त्यांनी कधी खपवून घेतलं नव्हतं. ते बराच वेळ अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. मग हळूच म्हणाले, "सुई किती लांब आसती?"

दवाखान्यात बाई सोबत आल्या. तपासणीचा निकाल आला, गाठीचा टीबी. जुनी माणसं ज्याला गंडमाळा म्हणायची तो. ऐकल्याबरोबर बाई व्हरांड्यात एवढ्या आनंदानं "टीबी!" म्हणाल्या, की बाकावरचे सगळे पेशंट दुसऱ्या बाकावर गेले. आण्णांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मला मात्र तेव्हा उमगलं, की गाठ चाचपली त्या सकाळपासून बाईंच्या मनात दुसरंच एखादं नाव होतं आणि ते त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं.

सरकारी गोळ्या सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी आण्णा परसाकडून ओरडत आले, लघवी लाल झालीय म्हणून. बाईंनी फोनवर सांगितलं, गोळीचा रंग आहे, घाबरू नका. मग त्यांना ती गोष्ट इतकी आवडली, की आल्यागेल्याला अभिमानानं सांगायचे, रिटायर झालो तरी लाल परी चालूच हाय.

ताप गेला, भूक आली. पण दोन महिन्यांनी गाठ कमी व्हायची सोडून वाढली. चांगली टरारली. नानाकाका परत दारात, तर्जनी तयार. आण्णांनी गोळ्या उचलून फळीवर टाकल्या. म्हणाले, जेवढं खातोय तेवढी ती पोसतीय, म्या न्हाई खानार. डॉक्टरांनी बघून सांगितलं, असं कधीकधी होतं, जंतू मरताना गाठ सुजते, गोळ्या सोडायच्या नाहीत. आण्णांनी मान हलवली आणि घरी येऊन पुन्हा फळीवर. आई रडली. मी ओरडलो, हायवेवरचा आवाज काढून ओरडलो. उपयोग शून्य. मी बाईंना फोन केला.

बाई आल्या. मला वाटलं आता म्हशीचं काही खरं नाही. पण त्या एवढ्या हळू बोलल्या, की मला कान पुढं करावे लागले.

"माझी पाणथरी गेली तेव्हा मला कुणी विचारलं नाही, ड्रायव्हरसाहेब. शुद्धीवर आले तेव्हा ती नव्हती. तेव्हापासून साध्या तापाला मी रात्रभर जागते. ती परत आणता आली असती तर मी चालत मुंबईला गेले असते. तुमचं सगळं जागेवर आहे. सुजतंय, फुगतंय, पण जागेवर आहे, आणि तुमच्यासाठी झगडतंय. त्याला नुसती भाकर पोचवायची. तेवढीही पोचवणार नाही तुम्ही?"

आण्णांनी फळीकडं पाहिलं. आईनं गोळ्या काढून दिल्या. गिळल्या. बाईंनी तोंड उघडायला लावून जिभेखाली बघितलं, कारण विश्वास ही गोष्ट त्या जीवशास्त्रात धरत नसत.

त्यानंतर रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी स्कूटी आमच्या अंगणात. वाट वाकडी करून. गोळी गिळेपर्यंत उभ्या, तोंड तपासायच्या, जायच्या. चहासुद्धा नाही. पावसात रेनकोट घालून, थंडीत माकडटोपी घालून. म्हशीला त्यांची एवढी सवय झाली, की रविवारी बाईंना यायला उशीर झाला तर ती दूध देईना. मी ह्या जन्मात बऱ्याच गोष्टी फुगवून सांगतो, तो माझा धंदा आहे. पण बाई एकही सकाळ चुकल्या नाहीत, ही गोष्ट आहे तेवढीच आहे. तिला फुगवायला माझ्याकडं काही नाही. माझा बाप आज हॉटेलच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना गाठी शिकवतो, ते त्या सकाळींमुळं.

गोळ्या संपल्या. डॉक्टर म्हणाले, झालं, बरे झालात. आण्णांनी नवं धोतर नेसलं, टेम्पोत आंबेमोहर तांदळाचं पोतं घातलं आणि आम्ही भोरला बाईंच्या घरी निघालो. आण्णा आयुष्यात कुणाचे आभार मानलेला माणूस नव्हे. नसरापूर सोडल्यापासून ते ओठांतल्या ओठांत भाषण पाठ करत होते. मी रेडिओ लावला तर बंद करायला लावला.

बाई दारातच उभ्या होत्या. आण्णांनी टोपी काढली, हात जोडले आणि सुरुवात केली, "बाई, देव काय म्या बगितला न्हाई..." पुढचं सगळं पाठांतर टेम्पोतच राहिलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसे ते तोंड वळवून पोत्याची सुतळी सोडायला लागले. सुतळी सुटेना. बाईंनी तोवर सवयीनं त्यांच्या मानेला बोटं लावली होती. डावीकडं, उजवीकडं, कानामागं. उजवीकडं जरा थांबल्या, मग हात काढून घेतला.

आण्णांच्या ते लक्षात आलं. डोळे पुसून त्यांनी स्वतःच चाचपलं. पावट्याएवढं काहीतरी बोटाखाली हलत होतं. इतक्या महिन्यांत आलं नव्हतं तेवढं भय त्यांच्या आवाजात आलं. म्हणाले, "बाई, ही तेवढी राह्यलीय की. ही कवा जायची?"

बाई पोत्याचं दुसरं टोक धरत म्हणाल्या, "हा तुमचा चेकनाका, ड्रायव्हरसाहेब. जाईल तुमच्याबरोबर."